कुत्र्यांच्या शेल्टरला घरातल्या जुन्या वस्तू देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आवराआवरीत माळा रिकामा होतो, आणि जे बोहारीणही घेत नाही ते कुत्र्यांना द्यावं असं घरात कुणीतरी सुचवतं. कल्पना चांगली, पण अर्धीच. शेल्टरमध्ये येणारी प्रत्येक वस्तू तीन प्रश्नांतून जाते: धुता येते का, लवकर वाळते का, आणि कुत्र्याने चावून गिळली तर काय होईल? यातला मधला प्रश्न देणाऱ्याच्या लक्षात क्वचितच येतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सगळं काम अडतं ते मात्र तिथेच.

सगळ्यात जास्त गरज कशाची असते?

जुने टॉवेल, पंचे, सुती चादरी, सुती साड्या. रंग उडालेले, डाग पडलेले, मध्ये विरलेले असले तरी चालतात.

कारण साधं आहे. शेल्टरमधली बरीचशी कुत्री तिथे कायमची राहायला आलेली नसतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं सहसा जिथून आणलं तिथेच परत सोडलं जातं. म्हणजे शस्त्रक्रियेची कुत्री सतत येत-जात असतात. भूल उतरताना त्यांच्या अंगातली ऊब कमी होते, उलटी होते, जागीच लघवी होते. अशा वेळी अंगाखाली कोरडं कापड हवं आणि ते ओलं झालं की लगेच बदलायला दुसरं हवं. एका कुत्र्याला दिवसाला दोन-तीन फडकी सहज लागतात. वीस पिंजऱ्यांच्या जागेला रोज चाळीस ते साठ फडकी धुवायला निघतात, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच कोरडी लागतात.

टॉवेलबद्दल एक सावधगिरी. ज्याचे फासे खूप उसवलेत तो अंथरूण म्हणून नको, नखं त्यात अडकतात. अंग पुसायला आणि अंघोळीनंतर गुंडाळायला तोच टॉवेल उत्तम.

गोधडी, वाकळ, कापसाची गादी का नको म्हणतात? ती तर सगळ्यात उबदार.

उबदार आहे, पण कोरडी असेपर्यंतच. कापसाची गादी एकदा लघवीने भिजली की आतपर्यंत धुता येत नाही आणि कोकणातल्या जुलैमध्ये ती आठवडाभरातही वाळत नाही. वरून कोरडी, आतून दमट अशा गादीत बुरशी धरते, गोचिडांना लपायला जागा मिळते आणि ओल्यात पडून राहणाऱ्या कुत्र्याची कातडी सोलवटते. शेवटी ती गादी कचऱ्यात जाते, आणि तिथवर वाहून नेण्याचा खर्च शेल्टरवर पडतो.

गोधडीचं मात्र सोनं करता येतं. धावदोरा उसवा, थर सुटे करा. सहा थरांच्या वाकळीतून आतली बरीच चांगली सुती लुगडी निघतात. उसवलेला दोरा पूर्ण काढून टाका. तो कापडात राहिला तर कुत्र्याच्या पोटात जातो. लांब दोरा आतड्यात एका टोकाला अडकतो आणि आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. तिथे शस्त्रक्रियेशिवाय उपाय उरत नाही.

दोन थरांची पातळ गोधडी तशीच दिली तरी चालेल.

डबल बेडची चादर तशीच द्यायची की कापून?

कापून. पूर्ण चादर पिंजऱ्यात चुरगळते, तिचं एक टोक पाण्याच्या भांड्यात आणि दुसरं लघवीत जातं. भिजली की दोन माणसांनी पिळावी लागते.

साधारण २२५ × २५० सेंमीच्या चादरीचे सहा तुकडे करा. रुंदीचे दोन आणि लांबीचे तीन भाग केले की ११२ × ८३ सेंमीचा तुकडा मिळतो. तीन बाय चार फुटी पिंजऱ्यात तो सपाट बसतो, वाळत घालायला एक हात पुरतो. कडांचे धागे सुटतात, म्हणून मशीनवर एक झिगझॅग टीप मारा. गल्लीतल्या शिंप्याकडे ओव्हरलॉक असेल तर आणखी चांगलं. शिवण नसेल, तर एकदा धुऊन मग सुटलेले सगळे धागे कात्रीने छाटून द्या.

इलॅस्टिक असलेल्या फिटेड चादरींचं इलॅस्टिक आधी कापून काढायचं. बटणं, हूक, चेन, लेबलं यांचंही तेच.

साड्या कोणत्या चालतात?

सुती. नऊवारी सुती लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यात सात-आठ तुकडे निघतात. सहावारीत पाच. सिंथेटिक साडी पाणी शोषत नाही, ओल तशीच अंगाखाली राहते. ती अंथरुणासाठी नको, पण चौपदरी करून जखमी कुत्रं उचलायची झोळी म्हणून ती सुती साडीपेक्षा मजबूत ठरते. जरीचे काठ कापून टाका. टिकल्या, खडे, आरसे लावलेल्या साड्यांच्या भानगडीत पडू नका.

धुऊन द्यायच्या म्हणजे नेमकं कसं?

घरात वापरलेलं स्वच्छ कापड असेल, तर नेहमीसारखं धुऊन, कडक वाळवून दिलं की झालं. कापड दमट असताना पिशवीत भरू नका, इतकंच.

कापड आधी कुठल्या प्राण्याखाली वापरलेलं असेल, किंवा तुम्ही शेल्टरची धुलाई घरी आणून मदत करत असाल, तर क्रम पाळावा लागतो:

१. आधी कोरडंच झटका. रबरी हातमोजा घालून हात फिरवला की केस गोळा होतात. केस ओले झाले की कापडाला चिकटतात आणि मशीनचा ड्रेन पंप तुंबवतात.

२. विष्ठा, लघवी, उलटी, रक्त साध्या थंड पाण्याने काढून टाका. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो.

३. साबणात धुवा, शक्यतो ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात. गोचिडं आणि खरजेचे किडे याने मरतात. नुसत्या उन्हावर भरवसा नको, शिवणीत बसलेलं गोचीड उन्हातून वाचतं.

४. शेवटी क्लोरिनचं पाणी. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १० लिटर पाण्यात ३०० मिली. द्रव मिळत नसेल, तर ताजी ब्लीचिंग पावडर (टीसीएल) १० लिटरला साधारण ५० ग्रॅम, ढवळून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी. कापड दहा मिनिटं पूर्ण बुडालेलं हवं. मग दोनदा खळबळून वाळत घाला.

क्रम उलटा केला तर श्रम वाया. कापडावर घाण असताना क्लोरिन टाकलं, तर ते घाणीशीच लढण्यात खर्ची पडतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. जुनी, उघडी राहिलेली ब्लीचिंग पावडरही कामाची नाही. तिच्यातला क्लोरिन हळूहळू उडून जातो.

फिनाईलच्या वासाने स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा) विषाणू त्याने भरवशाने मरत नाही. आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. लघवीने थबथबलेलं कापड थेट ब्लीचमध्ये टाकलं तरी डोळे आणि घसा जाळणारी वाफ येते, म्हणून दुसरी पायरी गाळू नका.

घोंगडी, लोकरी स्वेटर, शाल यांना ब्लीच अजिबात नको. लोकर त्यात विरघळते.

आमचा कुत्रा नुकताच गेला. त्याचं अंथरूण, भांडी, पट्टा देता येईल का?

कशाने गेला ते आधी सांगा, आणि न सांगता देऊ नका. म्हातारपण, हृदयविकार, कर्करोग असेल, तर नेहमीसारखं धुऊन सगळं देता येतं. डिस्टेंपर असेल तर साबण आणि उन्हाने काम होतं, तो विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही.

पार्व्हो असेल तर मात्र कापड, लाकूड, फोम, दोरी यांतलं काहीही देऊ नका. हा विषाणू महिनोन् महिने टिकून राहतो आणि शेल्टरमधल्या लस न झालेल्या पिल्लांना एकाच फेरीत गाठतो. फक्त स्टीलची भांडी, वर दिलेल्या क्लोरिनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, देता येतात.

झोपायला खाली काय घालता येईल? थंड फरशीचा त्रास होतो म्हणतात.

होतो. हातापायाची हाडं सतत फरशीला टेकून कोपरांना घट्टे पडतात, हिवाळ्यात गारठा चढतो, आणि फरशी धुतल्यावर अंथरूण खालून भिजतं. म्हणून अंथरूण जाड करण्यापेक्षा ते चार बोटं वर उचलणं जास्त उपयोगी.

भाजीचे प्लास्टिक क्रेट हा सगळ्यात सोपा मार्ग. ६० × ४० सेंमीचे, एकाच उंचीचे दोन क्रेट पालथे घाला, लांब बाजू एकमेकींना लावून चार-पाच जागी केबल टायने आवळा. ८० × ६० सेंमीचा ओटा तयार होतो, पंधरा-वीस किलोच्या गावठी कुत्र्याला पुरतो. टायची टोकं खालच्या बाजूला वळवून सपाट छाटा, नाहीतर ती सुरीसारखी कापतात. क्रेटच्या जाळीत नखं आणि बोटं अडकतात, म्हणून वर जुनी रबरी मॅट किंवा योगा मॅट बांधा आणि मगच चादरीचा तुकडा. योगा मॅट कुरतडणाऱ्या कुत्र्याला देऊ नका, तिचे तुकडे पडतात.

नवारीची जुनी खाट असेल, तर पाय कापून २० सेंमी उंचीचे करा. नवार काढून धुता येते हा तिचा मोठा गुण. लाकडी पॅलेट दिसायला छान, पण लाकूड लघवी पितं, खिळे वर येतात आणि फटींत गोचिडं घर करतात. छायाचित्रांत ती फार दिसतात. शेल्टरमध्ये मात्र ती लवकरच चुलीत जातात.

टायरचा बिछाना करावा का?

सावलीत, आणि भोकं पाडलेला असेल तरच. गाडीच्या टायरची एक बाजूची भिंत कापली की गोल टोपली होते. रबराला साबणाचं पाणी लावत धारदार सुरीने कापा. रस्त्याला टेकणारा जाड पट्टा मात्र कापू नका, आत पोलादी तारा असतात आणि त्या बाहेर आल्या की टायर भंगारात. खालच्या भिंतीत १२ मिलिमीटरची सहा ते आठ भोकं पाडा. ती विसरलात तर पहिल्याच पावसात डेंगीच्या डासांची पैदास सुरू. काळं रबर एप्रिल-मेच्या उन्हात इतकं तापतं की कुत्रं त्याच्या जवळही जात नाही.

निळ्या ड्रमचं घर?

पावसाळ्यासाठी फार कामाचं. २०० लिटरचा ड्रम साधारण ५८ सेंमी रुंद आणि ९३ सेंमी लांब असतो, एक मध्यम कुत्रं आरामात मावतं. पण आधी त्यात काय होतं ते विचारा. खाद्यतेल, सिरप, लोणचं असलेलाच घ्या. रसायनाचा, कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी नको, प्लास्टिक ते शोषून ठेवतं.

ड्रम आडवा ठेवून झाकणाच्या बाजूला ३० सेंमी रुंद, ३८ सेंमी उंच दार कापा. खालची १० सेंमी भिंत तशीच ठेवा, म्हणजे अंथरूण बाहेर येत नाही आणि पावसाचे शिंतोडे आत येत नाहीत. कापलेल्या कडेवर उभा चिरलेला पाण्याचा पाइप दाबून बसवा. तळाला ८ मिलिमीटरची चार भोकं निचऱ्यासाठी, मागच्या बाजूला वर दोन-तीन मोठी भोकं हवेसाठी. दोन्ही बाजूंनी विटा लावल्या नाहीत, तर कुत्रं आत शिरताच ड्रम गडगडतो, आणि एकदा घाबरलेलं कुत्रं पुन्हा आत जात नाही.

फ्लेक्स बॅनर घेता का?

आनंदाने. दादांच्या वाढदिवसाचे आणि भावी नगरसेवकांच्या शुभेच्छांचे फ्लेक्स कुठल्याही शहरात कमी पडत नाहीत. वळचणीला पावसाचा पडदा म्हणून, पत्र्याखालची गळती अडवायला, गाडीच्या सीटवर अंथरायला ते उत्तम. उन्हापासून बचावासाठी लावताना पांढरी बाजू वर करा आणि छपरापासून एक वीत अंतर सोडा, म्हणजे मधून हवा खेळते. कुत्र्याच्या तोंडाला पोचेल अशा उंचीवर नको, आणि चुलीपासून लांब.

सोफ्याचा फोम, जुन्या उशा यांचं काय?

धडधाकट कुत्र्याच्या पिंजऱ्यात फोम म्हणजे दहा मिनिटांचा खेळ आणि पोटात अडकलेला गोळा. उशीतल्या पॉलिस्टर कापसाचंही तेच. उशांचे अभ्रे द्या, उशा नको.

अपवाद एकच: कंबरेखाली लुळी पडलेली किंवा उठू न शकणारी कुत्री. त्यांना एकाच कुशीवर पडून खुब्यावर आणि कोपरावर जखमा होतात. सोफ्याचा १० सेंमी जाडीचा फोम रेक्झिनमध्ये किंवा फ्लेक्समध्ये चारही बाजूंनी शिवून, शिवणीवर रुंद चिकटपट्टी लावून दिला, तर या जखमा बऱ्याच टळतात. वर चादर, आणि कूस तर दर दोन-चार तासांनी बदलावीच लागते.

जुन्या एक्स-रे फिल्मचा उपयोग होतो हे खरं आहे का?

हो. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात जो शंकूसारखा पडदा घालतात, तो या फिल्मपासून बनवता येतो. द्यायच्या आधी फिल्मवरचं रुग्णाचं नाव आणि क्रमांक कापून टाका.

मापं दोनच घ्यायची. मानेचा घेर, अधिक दोन बोटं जातील एवढी ढील. आणि पट्टा बसतो तिथपासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर, अधिक २ सेंमी. घेराला ४.७ ने भागलं की आतल्या वर्तुळाची त्रिज्या मिळते. तिच्यात दुसरं माप मिळवलं की बाहेरची. पिल्लाचा ढिलीसह घेर २२ सेंमी आणि लांबी १० सेंमी असेल, तर आतली त्रिज्या ४.७, बाहेरची १४.७. छातीच्या एक्स-रेच्या ३५ × ४३ सेंमी फिल्ममध्ये हे वर्तुळ बसतं.

वर्तुळ काढा, पाव भाग कापून टाका, पण एका कडेला ३ सेंमीची पट्टी राखून, ती एकावर एक चढवायला लागते. मोठ्या कुत्र्याला, म्हणजे ३६ घेर आणि १६ लांबी असेल, तर दोन फिल्म लांब बाजूने ४ सेंमी एकमेकींवर घेऊन जोडा. कापायचा पाव भाग फिल्मच्या खालच्या कडेकडे ठेवला की आकृती मावते. स्टेपलरच्या पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला आणि त्यांवर चिकटपट्टी. आतल्या कडेला जुन्या बनियनच्या पट्टीची गोट लावा, नाहीतर मान कापते. कडेशी पंचने पाच-सहा भोकं पाडून त्यांतून बँडेज ओवा आणि ते पट्ट्याला बांधा.

चूक जवळपास नेहमी एकच होते: पडदा आखूड होतो. नाकाच्या पुढे आला नाही, तर कुत्रं मान वाकवून टाक्यांपर्यंत पोचतंच. खाताना लक्ष ठेवून काढा, खाणं झालं की परत घाला.

टी-शर्टपासून काय बनतं?

मादीच्या पोटावरचे टाके झाकायला टी-शर्ट हा पडद्याहून सुखाचा पर्याय. मध्यम कुत्रीला ८ ते १२ वर्षांच्या मुलाचा, पिल्लाला २ ते ४ वर्षांच्या बाळाचा. उलटा घालायचा, म्हणजे शर्टाची पुढची बाजू कुत्रीच्या पाठीवर. पुढचे पाय बाह्यांतून काढा, खालचा घेर कंबरेवर गोळा करून पाठीवर गाठ मारा किंवा रबर बँडने बांधा. पोटावर गाठ मारू नका, ती टाक्यांवर घासते. शर्ट भिजला की बदला. ओलं कापड टाक्यांवर राहणं हे कापड नसण्यापेक्षा वाईट. नराला याचा उपयोग नाही, त्याचे टाके फार मागे असतात.

फाटलेल्या टी-शर्टची दोरखंडाची खेळणी करा. काखेखालचा भाग आडव्या ५ सेंमीच्या पट्ट्यांत कापा, कड्या उघडून ताणा, त्या आपोआप गुंडाळतात. अशा सहा पट्ट्या, दोन-दोनच्या तीन जोड्या, एका टोकाला गाठ, घट्ट वेणी, दुसरी गाठ. मीटरभर लांबीच्या पट्ट्यांचं अर्ध्या मीटरचं खेळणं होतं. गाठ पाण्यात भिजवून खेचली की वाळल्यावर दगडासारखी बसते. बोटाएवढे धागे लोंबायला लागले की खेळणं कचऱ्यात.

मुलांची जुनी मऊ खेळणी, चेंडू?

मऊ खेळण्यांचे प्लास्टिकचे डोळे, नाक, बटणं कापून टाका. पोटात दाणे भरलेलं किंवा बॅटरी असलेलं खेळणं नको, बॅटरी गिळली तर अन्ननलिका जळते. पिल्लांना आईविना झोपताना अशा खेळण्याची सोबत होते. मोठ्या कुत्र्यांकडे ते पाच मिनिटं टिकतं.

टेनिसचे चेंडू मध्यम कुत्र्याला, कुणी समोर असताना. रोज चावले तर त्यांवरची लव दात झिजवते. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याच्या घशात ते अडकू शकतात. सीझन बॉल, क्रेझी बॉल, प्लास्टिकचे पातळ चेंडू नकोतच. नारळाची करवंटी आणि सोडणं कुणीतरी हमखास आणून देतं. करवंटीच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि काथ्या पोटात गोळा होतो. शिजवलेली हाडं का नकोत, त्याचंही कारण त्या कपच्याच.

एक मत स्पष्ट मांडतो. पायपुसण्याच्या जाळीत कापडाच्या पट्ट्या बांधून खाऊ लपवायची जी मॅट बनवतात, ती घरच्या कुत्र्याला छान, शेल्टरला अडचणीची. दर वेळी धुवायची आणि वाळवायची कुणी? त्यापेक्षा पुठ्ठ्याचा बुटांचा खोका घ्या, चिकटपट्टी आणि पिना काढा, चुरगळलेल्या वर्तमानपत्रांत पोळीचे वाळलेले तुकडे लपवा आणि खोका पिंजऱ्यात ठेवा. कुत्रं वीस मिनिटं गुंग होतं, खोका फाडतं, तो तसाच झाडून टाकायचा.

भांडी कोणती?

स्टील. पराती, खोलगट ताटल्या, डबे, घमेली, मोठी पातेली. प्लास्टिकला चरे पडतात, त्यांत घाण बसते. पितळेची आणि तांब्याची भांडी कल्हई नसेल तर नको, दहीभात त्यात कळकतो. चिनी मातीचा जड बोल पाण्याला चांगला, पण टवका उडालेला नको. झाडाच्या कुंडीचं तळाचं भोक सिमेंटने बुजवलं, की न लवंडणारं पाण्याचं भांडं तयार.

१० लिटरच्या वरचा कुकर किंवा दहा-पंधरा लिटरचं पातेलं म्हणजे स्वयंपाकघराला मोठीच मदत.

वर्तमानपत्रं?

पिल्लांच्या खोलीत रोज लागतात. साधा कागद द्या, गुळगुळीत रंगीत पुरवण्या ओल शोषत नाहीत आणि पिल्लं घसरतात. घसरणाऱ्या पिल्लांचे मागचे पाय फाकायला लागतात, म्हणून कागदावर नेहमी एक टॉवेल.

कुणाला सुचत नाही पण हमखास उपयोगी पडेल असं काही?

तान्ह्या बाळाची छत्रीसारखी मच्छरदाणी. उघड्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत जखमेत किडे पडतात. जखमी कुत्र्याच्या पिंजऱ्यावर ही जाळी टाकली की माशी आत येत नाही.

लोकरी मोजे आणि पाण्याच्या बाटल्या. आईविना पिल्लांना पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंशांची ऊब लागते. बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, वर मोजा, पिल्लांच्या शेजारी, अंगाखाली नाही. दोन-तीन तासांनी पाणी बदलायचं. थंड झालेली बाटली उलट पिल्लाची ऊब ओढून घेते.

बाबागाडीची चाकं लुळ्या कुत्र्यांच्या गाडीला लागतात. गाडी मोडकी असली तरी द्या. आणि उभं राहणारा पंखा, जाळी शाबूत असेल तर.

पट्टे, दोऱ्या, बेल्ट?

भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट ही सगळ्यात भक्कम दोरी. कमरेच्या चामडी बेल्टला जास्तीची भोकं पाडून गळपट्टा होतो, दोन बोटं आत जातील इतका सैल. परकराचा नाडा किंवा बारीक नायलॉन दोरी गळ्यात नको, कापते. आणि रस्त्यावरच्या वाढत्या पिल्लाला कुठलाच पट्टा घालू नका. पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही, तो मानेच्या मांसात रुतलेला सापडतो.

दुखावलेलं कुत्रं हाताळताना मुसकं म्हणून सव्वा मीटरची, ५ सेंमी रुंद सुती पट्टी पुरते. उलटी करणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याला ते बांधायचं नाही.

उरलेली औषधं?

पूर्ण पाकीट, नाव आणि मुदत वाचता येईल असं, आणि थेट डॉक्टरांच्या हातात. अर्धी कापलेली पट्टी, जिच्यावरची तारीख गेलेली आहे, ती निरुपयोगी. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने कुठल्याही कुत्र्याला देऊ नका. न उघडलेला कापूस, गॉझ, बँडेज, सिरिंज, हातमोजे मात्र नेहमी हवेत. मोठ्या माणसांचे आणि बाळांचे डायपर शेपटीसाठी भोक पाडून लुळ्या कुत्र्यांना वापरतात.

पोरकिडे झालेले तांदूळ चालतील?

चाळून, धुऊन, शिजवून चालतात. बुरशीचा वास येणारं धान्य, पीठ, शेंगदाणे नको, त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही आणि यकृत खराब करतं. चॉकलेट, मनुका, कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं अन्न, साखरेऐवजी झायलिटॉल असलेले पदार्थ, हे वर्ज्य.

थंडीत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी ब्लँकेट ठेवू का?

विदर्भातल्या डिसेंबरात किंवा नाशिककडे दव इतकं पडतं की पहाटे ब्लँकेट ओलं होतं, आणि ओलं ब्लँकेट गार फरशीपेक्षाही वाईट. गोणपाटात भाताचा कोरडा पेंढा भरून, तोंड सुतळीने शिवून, पत्र्याखाली किंवा जिन्याखाली ठेवा. पेंढा ओल धरून ठेवत नाही. पंधरा दिवसांनी पेंढा बदला, जुना खताच्या खड्ड्यात.

पोचवायचं कसं? करसवलत मिळते का?

आधी फोन करा. शेल्टरकडे साठवायला जागा मर्यादित असते आणि साठलेल्या कपड्यांत उंदीर होतात. उंदरांबरोबर लेप्टोस्पायरोसिस येतो. पावसाळ्यात चादरी-टॉवेल, उन्हाळ्यात पाण्याची भांडी, हिवाळ्यात गोणपाट असं त्या-त्या वेळी काय हवं ते विचारून न्या. कपडे प्रकारानुसार वेगळ्या पिशव्यांत, वर आकडा लिहून: ‘टॉवेल १२’, ‘चादरीचे तुकडे २४’. रात्री फाटकाशी बोचकं टाकून जाऊ नका, सकाळपर्यंत ते पावसात भिजलेलं किंवा कुत्र्यांनी फाडलेलं असतं.

देणगीवरची प्राप्तिकराची सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तूंना नाही. शेल्टरने नाकारलेलं सामान परत घरी न्यायची तयारी ठेवा आणि पिशवीसह गाडी थोडा वेळ थांबवा. हवं-नको तिथेच वेगळं करून घेतलं की दोघांचीही खेप वाचते.